दुसऱ्यांदा ओतताना

मिथेनॉलच्या ज्योतीला स्वतःचा असा रंग जवळजवळ नसतो. अंधारात ती फिकट निळसर दिसते, खिडकीतून ऊन येत असेल तर दिसतही नाही. रसायनशास्त्राच्या वर्गात हे द्रव लाडकं झालं ते याच गुणामुळे. पाच-सहा छोट्या बश्या टेबलावर ओळीने मांडायच्या, प्रत्येकीत चिमूट-चिमूट वेगळा क्षार टाकायचा, वरून थोडं मिथेनॉल ओतायचं, खोलीतले दिवे मालवायचे आणि काडी लावायची. लिथियमची बशी किरमिजी पेटते, स्ट्राँशियमची लालभडक, सोडियमची म्हणजे साध्या मिठाची पिवळीधमक, तांब्याची हिरवी-निळी, पोटॅशियमची फिकट जांभळी, बोरिक आम्लाची पोपटी. ज्योतीचा रंग मध्ये लुडबुड करत नाही, म्हणून धातूंचे रंग निखळ उमटतात. वर्ग एका सुरात ‘ओऽऽ’ करतो. अमेरिकेतल्या शाळांत या प्रयोगाला ‘रेनबो’ म्हणतात आणि कित्येक शिक्षकांचा वर्षाचा पहिला किंवा सुट्टीआधीचा शेवटचा तास त्याच्यासाठी राखून ठेवलेला असे.

प्रयोगाचं घराणं थोर आहे. जर्मनीतल्या हायडलबर्ग इथे 1859-60 च्या सुमारास रॉबर्ट बुन्सेन आणि गुस्ताव्ह किर्चॉफ यांनी ज्योतीत क्षार धरून तिचा उजेड लोलकातून पाहिला आणि प्रत्येक मूलद्रव्याच्या रंगरेषा ठरलेल्या असतात हे दाखवून दिलं. त्याच पद्धतीने 1860 मध्ये सिझियम आणि 1861 मध्ये रुबिडियम सापडलं. या कामासाठी बुन्सेनलाही रंगहीन ज्योतच हवी होती. आपण बन्सेन बर्नर म्हणतो तो त्याने या कामात हाताशी धरला. (आर्सेनिकच्या एका संयुगाच्या स्फोटात बुन्सेनने तरुणपणीच एका डोळ्याची दृष्टी गमावली होती, त्यामुळे प्रयोगशाळेतला धोका त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.) बर्नरमध्ये इंधन नळीतून येतं. कॉक फिरवला की ज्योत मोठी होते, उलट फिरवला की विझते. शाळेतल्या बश्यांनी या व्यवस्थेतला कॉक काढून टाकला. त्याच्या जागी आली शिक्षकाच्या हातातली बाटली.

2006 च्या जानेवारीत ओहायो राज्यातल्या हडसन गावात एका निवासी शाळेत हा प्रयोग चालू होता. ज्योती मंदावल्या तसं बश्यांत आणखी मिथेनॉल घालण्यात आलं. क्षणात भडका उडाला आणि पुढच्या बाजूला बसलेली पंधरा वर्षांची विद्यार्थिनी पेटली. तिचं चाळीस टक्क्यांहून जास्त शरीर भाजलं. बरीच वर्षं उपचार घेतल्यावर तिने ‘केमिकल सेफ्टी बोर्ड’ या अमेरिकी सरकारी संस्थेला आपली हकिकत कॅमेऱ्यासमोर सांगितली. हे बोर्ड एरवी तेलशुद्धीकरण कारखान्यांतले आणि रासायनिक प्रकल्पांतले स्फोट तपासतं. शाळेतल्या बशीकडे त्याला लक्ष द्यावं लागलं यातच सगळं आलं. ही चित्रफीत 2013 च्या डिसेंबरमध्ये प्रसिद्ध झाली.

2 जानेवारी 2014 ला, म्हणजे महिन्याभरातच, न्यूयॉर्कमध्ये मॅनहॅटनच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये तोच प्रयोग झाला आणि तसाच भडका उडाला. मिथेनॉल गॅलनच्या मोठ्या भांड्यातून ओतलं जात होतं. दोन विद्यार्थी भाजले, त्यातला एक मुलगा फार गंभीर. 2019 मध्ये ज्यूरीने त्याला जवळपास सहा कोटी डॉलरची भरपाई मंजूर केली. पुढे अपिलात ती रक्कम कमी झाली, पण शाळांच्या विमा कंपन्यांना जो संदेश जायचा तो गेला.

2014 चाच सप्टेंबर तर चमत्कारिकच म्हणायचा. 3 तारखेला नेवाडातल्या रीनो शहरातल्या मुलांच्या विज्ञान संग्रहालयात आगीचं वावटळ दाखवण्याचा खेळ चालू होता. मिथेनॉलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा नीट पेटेना, म्हणून दाखवणाऱ्या व्यक्तीने चार लिटरच्या बाटलीतून त्यावर आणखी मिथेनॉल ओतलं. बोळा विझलेला नव्हता, आत धुमसत होता. तेरा जण जखमी झाले, बहुतेक लहान मुलं. बारा दिवसांनी, 15 तारखेला, डेन्व्हरमधल्या एका शाळेत शिक्षकाने छोट्या बशीतल्या ज्योतीवर अशाच मोठ्या बाटलीतून मिथेनॉल ओतलं. बाटलीच्या तोंडातून आगीचा झोत निघाला आणि साधारण 12 फुटांवर बसलेल्या विद्यार्थ्याच्या छातीवर आदळला. ऑक्टोबर 2014 मध्ये बोर्डाने या अपघातांवर एक खास पत्रक काढलं. तरी वर्षभराने, 30 ऑक्टोबर 2015 ला, व्हर्जिनियातल्या फेअरफॅक्स परगण्यात रंगीत ज्योतींच्या याच प्रयोगात पाच विद्यार्थी आणि शिक्षक भाजले.

हे सगळे अपघात ओळीने वाचले की एक गोष्ट डोळ्यांत भरते. पहिल्यांदा काडी लावताना सहसा काही होत नाही. बशीत दोन-चार चमचे द्रव असतं, ते मुकाट्याने जळतं. घात होतो तो ज्योत मंदावल्यावर, किंवा मनासारखी न पेटल्यावर, पुन्हा ओतताना. आणि ओतलं जातं ते चमच्याने नाही, पिपेटने नाही, थेट साठ्याच्या बाटलीतून.

आता त्या बाटलीच्या आत काय असतं ते पाहू, कारण मला वाटतं इथेच रसायनशास्त्राच्या शिक्षकाचंही शिक्षण अपुरं पडतं. मिथेनॉल जळण्याचं समीकरण त्याला पाठ असतं. पण द्रव जळत नाही, जळते ती त्याची वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळलेली असेल तरच. मिथेनॉलसाठी हे प्रमाण साधारण 6 ते 36 टक्के आहे. याहून कमी वाफ असेल तर मिश्रण पेटण्याइतकं दाट नसतं, जास्त असेल तर जळायला हवा पुरत नाही. पेट्रोलची मर्यादा याहून खूप अरुंद, साधारण दीड ते साडेसात टक्के. पेट्रोल इतकं उडतं की बंद टाकीत द्रवाच्या वरच्या जागेत वाफच वाफ होते आणि मिश्रण मर्यादेच्या वर निघून जातं. रॉकेल उलट इतकं कमी उडतं की खोलीच्या तापमानाला त्याची वाफ मर्यादेपर्यंत पोचतच नाही. मिथेनॉलचं मात्र असं काही होत नाही. 20 अंश सेल्सियसला बाटलीतल्या द्रवावरच्या हवेत त्याची वाफ सुमारे 13 टक्के असते, 30 अंशाला वीस टक्क्यांच्या वर. म्हणजे जिथे माणसं आरामात बसू शकतात अशा कुठल्याही वर्गात मिथेनॉलच्या बाटलीची रिकामी जागा पेटायला अगदी योग्य अशा मिश्रणाने भरलेली असते. तळाशी थोडंसंच द्रव उरलेली बाटली भरलेल्या बाटलीपेक्षा जास्त धोक्याची, कारण तिच्यात हे मिश्रण जास्त मावतं. आपल्याला साहजिकच उलट वाटतं: थोडंच तर उरलंय, ओतून टाकू.

बाटली तिरपी केली की द्रवाबरोबर वाफही बाहेर सांडते. ती बशीतल्या ज्योतीपर्यंत पोचली की आग वाफेच्या वाटेने उलटी चढते आणि बाटलीच्या तोंडातून आत शिरते. आतलं मिश्रण एका झटक्यात जळतं, गरम वायू कित्येक पटींनी फुगतात, आणि त्यांना बाहेर पडायला एकच चिंचोळी वाट असते, बाटलीचं तोंड. ते वायू आतलं द्रव पुढे ढकलत, पेटवत, पिचकारीच्या जोराने बाहेर येतात. ओतणारा माणूस बाटलीचं तोंड कधीच स्वतःकडे करत नाही. टेबलामागे उभ्या असलेल्या शिक्षकाच्या हातातल्या बाटलीचं तोंड वर्गाकडे असतं. म्हणून झोत पहिल्या-दुसऱ्या बाकावर जातो, आणि पुष्कळदा शिक्षकापेक्षा मुलं जास्त भाजतात. डेन्व्हरचे ते 12 फूट म्हणजे आपल्याकडच्या वर्गात टेबलापासून दुसऱ्या-तिसऱ्या बाकाचं अंतर.

यावर उपाय दोनशे वर्षं जुना आहे. 1815 मध्ये हम्फ्री डेव्हीने कोळसा खाणींसाठी जो दिवा बनवला त्यात ज्योतीभोवती बारीक तारेची जाळी होती. जाळी उष्णता शोषून घेते, ज्योत तिच्या छिद्रांतून पलीकडे जाऊ शकत नाही. बाटलीच्या तोंडात अशीच छोटी जाळी बसवली तर आग आत शिरत नाही. इंधनाच्या डब्यांना अशी जाळी सक्तीची करणारा कायदा अमेरिकेत 2020 च्या अखेरीस झाला. शाळेच्या कपाटातली रसायनाची काचेची बाटली मात्र साधीच असते.

मग इतकं सगळं माहीत झाल्यावरही माणसं ओततात का? मला शिक्षकांना मूर्ख ठरवणं पटत नाही. समोर चाळीस डोळे अंधारात टक लावून बसलेले असतात, हिरवी बशी मंदावते, मागच्या बाकावरून ‘सर, दिसत नाही’ असा आवाज येतो. हा प्रयोग म्हणजे खेळ झालेला असतो, आणि खेळ दाखवणाऱ्याला मध्येच थांबणं जड जातं. त्यात मिथेनॉलची ज्योत अशी, की ती विझली आहे की नुसती दिसत नाही हे सांगता येत नाही. जो गुण रंगांसाठी हवा तोच इथे उलटतो. शिवाय ‘मी इतकी वर्षं करतोय, कधी काही झालं नाही’ हे असतंच. झालं नाही हे खरंही असतं, कारण वाफ आणि ज्योत यांची गाठ दर वेळी पडत नाही. वारा कुठून आहे, बाटलीत किती उरलंय, हात किती तिरपा झाला, अशा बारीकसारीक गोष्टींवर ते ठरतं. वीस वर्षं सुखरूप गेली याचा अर्थ वीस वर्षं गाठ पडली नाही, एवढाच.

आपल्याकडे रेनबोचं खूळ फारसं आलं नाही. बारावीच्या प्रॅक्टिकलला सॉल्ट ओळखताना प्लॅटिनमची तार तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवून, तिला कणभर सॉल्ट लावून बर्नरच्या ज्योतीत धरायची, कॅल्शियमचा विटकरी लाल आणि बेरियमचा सफरचंदी हिरवा रंग पाहायचा, बस. कुठल्याही महाविद्यालयाच्या लॅबमध्ये एका तारेभोवती पाच जण डोकी घालून उभे असतात तेव्हा जे दिसतं ते रेनबोइतकं देखणं नसतं, पण त्यात उघडी बाटलीही नसते. आपल्याकडची जोखीम वेगळ्या दाराने येते: स्पिरिटचा दिवा. गॅसची जोडणी नसलेल्या शाळांत आजही तोच चालतो. स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथेनॉल, आणि इथेनॉलच्या वाफेचाही हिशोब मिथेनॉलसारखाच. त्याची मर्यादा साधारण 3 ते 19 टक्के, आणि 20 ते 30 अंशांना बाटलीत वाफ असते 6 ते 10 टक्के, म्हणजे मर्यादेच्या आत. विझत आलेल्या गरम दिव्यात वरून स्पिरिट ओतणं हे डेन्व्हरचंच छोटं रूप आहे. म्हणून लॅबमधले जुने परिचर दिवा आधी टोपण घालून विझवतात, हाताला गार लागेपर्यंत थांबतात, नरसाळ्याने दोन-तृतीयांशच भरतात, आणि बाटलीला बूच लावून ती कपाटात ठेवल्यावरच काडी ओढतात. एका दिव्याने दुसरा दिवा लावायला आलेल्या मुलावर ते खेकसतात तेही योग्यच, कारण दिवा तिरपा केला की स्पिरिट सांडतं.

लग्नाच्या हॉलमध्ये बुफेच्या भांड्यांखाली स्पिरिटचे किंवा जेलचे डबे जळत असतात. त्यांची ज्योतही भर उजेडात दिसत नाही. ‘विझला वाटतं’ म्हणून त्यात वरून इंधन घालणारा वेटर पाहिलात तर जेवणाची रांग सोडून जरा लांब उभे राहा.

विज्ञान दिनाला किंवा गावच्या जत्रेत होणाऱ्या चमत्कारांच्या प्रयोगांतही हा दुसऱ्यांदाचा मोह असतो. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकून ‘मंत्राने’ होम पेटवून दाखवणं महाराष्ट्रातल्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी घरोघर पोचवलं, आणि त्याबद्दल त्यांचे आभारच मानायला हवेत. पण ही अभिक्रिया लगेच होत नाही. पूड बारीक असेल, हवा गरम असेल तर काही सेकंदांत होते. खडे मोठे असतील, थंडी असेल तर बराच वेळ नुसता शांतपणा असतो. नवखा दाखवणारा ‘पेटलं नाही’ म्हणून वाकून पाहतो किंवा आणखी ग्लिसरीन सोडतो, आणि नेमका तेव्हाच भडका उडतो. सरावलेला कार्यकर्ता त्या वेळात मागे सरून मंत्र म्हणत राहतो.

या सगळ्यावरचा तोडगा आपल्या स्वयंपाकघरांत एकेकाळी होता. पंपाचा स्टोव्ह पेटवायला बर्नर आधी तापवावा लागे. त्यासाठी काकडा असे: चिमट्यासारखी तार, तिच्या टोकाला गुंडाळलेली चिंधी. काकडा बाटलीत बुडवायचा, निथळायचा, बाटलीला बूच लावून ती लांब ठेवायची, मग काकडा बर्नरच्या गळ्यात अडकवून पेटवायचा. चिंधीत जेवढं इंधन शोषलं जाईल तेवढंच जळणार. बर्नर पुरेसा तापला नाही तर काकडा काढून, विझवून, पुन्हा बुडवायचा, म्हणजे ओतणं असं नाहीच. ज्या घरांत काकड्याऐवजी वाटीत बाटलीतून स्पिरिट ओतायची सवय होती त्या घरांत भडके जास्त उडायचे, हे स्टोव्हवर स्वयंपाक केलेली कुणीही बाई सांगेल.

अमेरिकन केमिकल सोसायटीने 2014 मध्ये उघड्या टेबलावर मिथेनॉल जाळून रंग दाखवणं बंदच करा असं सुचवलं आणि त्याऐवजी जी पद्धत पुढे केली ती काकड्याच्याच कुळातली आहे. आइस्क्रीमच्या काडीएवढ्या लाकडी काड्या वेगवेगळ्या क्षारांच्या पाण्यातल्या द्रावणात रात्रभर भिजत ठेवायच्या. सकाळी एकेक काडी बर्नरच्या ज्योतीत धरायची. काडी पाण्याने ओली असते, म्हणून लाकूड पेटण्याआधी काही क्षण रंग लख्ख दिसतो. मग ती पाण्याच्या बीकरमध्ये टाकायची. टेबलावर जळण्यासारखं द्रव एक थेंबही नसतं.

यात एक फायदा असा, की मुलांना स्वतःला करता येतं. रेनबोत मुलं प्रेक्षक असतात. खरं सांगायचं तर शिक्षणाच्या दृष्टीनेही बश्यांचा तो खेळ मला जरा पोकळच वाटत आला आहे. स्ट्राँशियम लाल आणि लिथियमही लाल, मग फरक काय? बुन्सेनला नेमका हाच प्रश्न पडला होता, आणि त्याचं उत्तर ज्योतीच्या रंगात नाही, रंगाच्या आत लपलेल्या रेषांत आहे. त्यासाठी महागडं यंत्र लागत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याला ब्लेडने एक बारीक चीर पाडायची, समोर जुन्या सीडीचा तुकडा तिरपा चिकटवायचा, आणि बाजूच्या भोकातून पाहायचं. साध्या मिठाच्या ज्योतीत पिवळी रेषा ठळक दिसते. लिथियमच्या ज्योतीत लाल रेषा एकच आणि सुटी, स्ट्राँशियमच्या ज्योतीत लाल-नारिंगी पट्टे. गॅसची ट्यूबलाइट त्याच खोक्यातून पाहिली तर पाऱ्याच्या रेषा दिसतात, आणि त्यासाठी काडीही ओढावी लागत नाही.

उघड्या हवेत प्रयोग केला की धोका टळतो, हा समजही खोटा ठरला आहे. 21 नोव्हेंबर 2022 ला सिडनीतल्या मॅनली वेस्ट शाळेत प्राथमिक वर्गातल्या मुलांपुढे काळ्या सापाचा प्रयोग अंगणातच केला जात होता. साखर आणि खाण्याचा सोडा यांचं मिश्रण वाळूवर ठेवून, जळाऊ द्रव घालून पेटवलं की त्यातून कार्बनचा काळा फुगीर साप निघतो. त्या दिवशी वारा होता. अकरा मुलं भाजली, दोघं गंभीर. वाऱ्याने वाफ कुठे जाईल आणि ज्योत कुठे वळेल याचा अंदाज बांधता येत नाही. बंद वर्गात निदान तेवढं तरी ठाऊक असतं.

ज्यांना ज्वाला दाखवायच्याच आहेत त्यांच्यासाठी दोन-चार गोष्टी. वर्गात साठ्याची बाटली आणायचीच नाही. लागेल तेवढं द्रव, तेही ड्रॉपरने मोजून, आतल्या स्टोअररूममध्येच लहान बाटलीत काढायचं आणि मोठी बाटली तिथेच कुलपात राहू द्यायची. मुलं आणि टेबल यांच्यामध्ये जाड पारदर्शक आडोसा हवा. गॉगल शिक्षकालाही आणि मुलांनाही. मोकळे केस आणि ओढणी बांधलेली. प्रयोग विझला तर तो संपला. मिथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळतं, म्हणून बशीवर भरपूर पाणी घातलं तर ज्योत जाते, पण जळतं द्रव टेबलभर पसरणार नाही अशा बेताने. कुणाचे कपडे पेटलेच तर पळू द्यायचं नाही, जमिनीवर आडवं करून लोळवायचं किंवा आगीच्या ब्लँकेटने झाकायचं, आणि मग भाजलेला भाग वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं. टूथपेस्ट, हळद, तूप काही लावायचं नाही. आणि ब्लँकेटवर धूळ बसलेली असेल, त्याची घडी कुणी कधी मोडलेलीच नसेल, तर ते भिंतीवरून काढून एकदा उलगडून पाहणं हेही त्या दिवशीच्या तयारीतच धरायचं.